उताराच्या तोंडाशी

वसाहतीच्या कोपऱ्यावर त्याचं सायकलचं दुकान होतं, तेव्हापासून सगळे त्याला हवाभाऊ म्हणत. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक हातपंप, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि खिळ्यांना लटकवलेल्या ट्यूबा. पंक्चर काढायचा, वाकडी चाकं सरळ करायचा, आणि हवा मात्र फुकट भरून द्यायचा. "हवा काय माझ्या बापाची आहे?" म्हणायचा. नाव त्यावरूनच पडलं.

वसाहतीपुढचा रस्ता तेव्हा असा होता की मध्यभागी कुत्रं झोपलं तर गाड्याच त्याला वळसा घालून जायच्या. पलीकडे दवाखाना, बसथांबा, भाजीची दुकानं. बायका हातात पिशवी घेऊन गप्पा मारत पलीकडे जायच्या आणि गप्पा न तोडता परत यायच्या. मग रस्ता रुंद झाला. हवाभाऊच्या दुकानाचे पत्रे पहिल्याच दिवशी उचलले गेले. वसाहतीला लागून मोकळं मैदान होतं, तिथे काचेची सहा मजली इमारत उभी राहिली. दुकानं, खाणावळी, वर सिनेमा आणि खाली पोटात गाड्या ठेवायचे दोन मजले. लोकांनी तिला काचघर म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं.

काचघराच्या पोटातून गाड्या वर यायच्या त्या एका चढ्या उतारावरून, आणि तो उतार येऊन उघडायचा थेट फुटपाथवर. वसाहतीतून पलीकडे जायचं तर दुभाजकात एकच फट होती, आणि ती होती या उताराच्या पुढे. म्हणजे आधी उताराचं तोंड ओलांडायचं, मग रस्ता. खालच्या अंधारातून भर उन्हात येणाऱ्या गाडीवाल्याला क्षणभर काही दिसायचं नाही. त्यात उताराच्या कडेला जाहिरातीचा एक मोठा फलक रोवलेला. फलकाच्या आडून माणूस बाहेर आला की तो गाडीच्या नाकासमोरच.

दुकान गेल्यावर हवाभाऊ बरेच महिने घरी बसला. बायको लाँड्रीत इस्त्रीला जायची, तिच्यावर घर चालायचं. घरात तिसरं माणूस म्हणजे बायकोची आई. ती तीस-एक वर्षं इस्पितळात आया होती, म्हणून अख्ख्या वसाहतीची आयाबाई. एकुलती एक मुलगी, नवरा कधीच गेलेला, तेव्हा ती लेकीजवळ राहायची, आणि जावयाला घरात बसलेलं बघून रोज एखादा टोमणा मारायची. पण वाढताना पहिलं ताट त्याच्याच पुढे सरकवायची.

एके दिवशी काचघरात सुरक्षारक्षक हवे असल्याचं कळलं. हवाभाऊ गेला आणि नारिंगी जॅकेट, टोपी आणि शिट्टी घेऊन परत आला. आयाबाईने शिट्टी उलटसुलट करून पाहिली.

"बरं झालं जावईबापू, धंदा काही बदलला नाही. हवा तीच, आधी ट्यूबमध्ये भरायचात, आता हिच्यात."

बायको हसून हसून बेजार झाली. हवाभाऊही हसला. कित्येक महिन्यांनी त्या घरात तिघं एकदम हसले होते.

काम उताराच्या तोंडाशी. सुपरवायझरने पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून शिकवलं. हा सुपरवायझर तरुण होता, बोलायला गोड. खाली तळघरात त्याची पडद्यांनी भरलेली खोली होती आणि त्यातल्या एका पडद्यावर उताराचं तोंड दिवसभर दिसायचं.

"गाडी वर येताना दिसली की शिट्टी मारायची, एका हाताने गाडीला बोलवायचं, दुसऱ्याने चालणाऱ्यांना थांबवायचं. उतारावर गाडी थांबली की मागे रांग लागते, ग्राहक वैतागतो."

"आणि चालणारा वैतागला तर, साहेब?"

"तो आपला ग्राहक आहे का?" सुपरवायझर म्हणाला. चिडून नाही, समजावून सांगितल्यासारखं.

तर असं. एकाच फुंकीत गाडीला 'ये' आणि माणसाला 'थांब'. पहिले काही दिवस हवाभाऊला मान वर करवेना. थांबवायचं कुणाला, तर ज्यांच्या सायकली आयुष्यभर दुरुस्त केल्या त्यांनाच. कुणी म्हणे, "हवाभाऊ, आम्हालाच का रे?" लाँड्रीतल्या बायका त्याच्या बायकोसोबत जाता जाता ओरडायच्या, "बायको समोर असताना परक्या बायकांना शिट्ट्या मारतोय बघा हा!" तो ओशाळं हसायचा. सवय ही वाईट गोष्ट. पुढे पुढे हात आपोआप वर जायला लागला. कधी एखादं म्हातारं माणूस काठी टेकत आलं, की तो गाडीलाच थांबवायचा. मग गाडीचा हॉर्न, मागच्या गाडीचा हॉर्न, आणि दुपारी खालून निरोप: "पडद्यावर सगळं दिसतं बरं का." दोनदा असा निरोप आल्यावर त्याने ते सोडून दिलं.

शिट्टीला एकच माणूस जुमानायचं नाही, ते म्हणजे आयाबाई. तिला रोज पलीकडे जावं लागायचं. इस्पितळातली तिची जुनी सोबतीण दवाखान्याच्या मागच्या गल्लीत भाच्याकडे राहायची. तिचं एक अंग लुळं पडलं होतं आणि जीभही जड झाली होती. आयाबाई रोज सकाळी जाऊन तिला अंघोळ घालायची, केस विंचरायची, कूस बदलून द्यायची. भाच्याची बायको हे सगळं करायला तयार होती, पण सोबतीण तिला हात लावू द्यायची नाही.

आयाबाई उतारापाशी आली, हवाभाऊने शिट्टी मारली, की ती वर न बघता तशीच पुढे जायची. गाडी करकचून थांबायची. संध्याकाळी घरी वाद.

"आई, थोडं थांबत जा हो. माझी नोकरी जाईल."

"मला ऐकू येत नाही."

आयाबाईला कमी ऐकू यायचं ही गोष्ट खरी. पण नेमकं किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नको ते तर तिला मुळीच ऐकू यायचं नाही, आणि स्वयंपाकघरात कुजबुजलेलं नेमकं ऐकू यायचं.

तिनेच मग वसाहतीतल्या बायका गोळा केल्या. उताराच्या तोंडाशी गतिरोधक हवा, रस्त्यावर पांढरे पट्टे हवेत, तो फलक हलवा, अशा तीन मागण्या घेऊन सगळ्या रस्त्याच्या कचेरीत गेल्या. हवाभाऊ गेला नाही. त्याला जाता येण्यासारखं नव्हतंच. तिथला अधिकारी भला माणूस निघाला. सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्या जागी अपघाताची एकही नोंद नाही. नोंद नसताना पट्टे मंजूर होत नाहीत, आमचेही हात बांधलेले आहेत."

"मग आधी आमच्यातल्या एकीला पाठवू का?" आयाबाईने विचारलं.

बायका हसल्या, अधिकारीही हसला. त्याने सांगितलं की पुन्हा या. त्या पुन्हा गेल्या, तर तो बदलून गेला होता आणि नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तरी आयाबाई हटणारी नव्हती. "इस्पितळात एक चादर बदलून घ्यायला मला चारदा जिने चढावे लागायचे. इथे तर अख्खा रस्ता आहे," म्हणायची. हळूहळू लोकांना वाटायला लागलं होतं, की ही बाई करून घेईल.

त्या दिवशी ती सकाळची गेली नव्हती. पाय दुखत होता म्हणून दुपारी निघाली. ऊन काचघराच्या काचांवरून उलटून थेट डोळ्यांत येत होतं. उतारावर गाडी वर येताना हवाभाऊला दिसली. फुटपाथ रिकामा होता. निदान त्याला दिसला तेवढा तरी रिकामाच होता. त्याने शिट्टी मारली आणि हाताने गाडीला बोलावलं. गाडीवाल्याने नवीन गादी घेतली होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, ती पुढच्या सीटवर उभी करून ठेवल्यामुळे त्या बाजूचं त्याला काहीच दिसत नव्हतं. आणि त्याच बाजूला फलक. फलकाआडून आयाबाई बाहेर आली.

आवाज फार मोठा झाला नाही. हवाभाऊ पुढे कित्येक दिवस बायकोला हेच सांगत राहिला, "अगं, आवाज मोठा झालाच नाही. मला वाटलं, गाडीला पिशवी लागली."

गाडीवाला वाईट माणूस नव्हता. त्यानेच तिला उचलायला हात लावला, गादी फुटपाथवर टाकून दिली आणि तिला मागच्या सीटवर घेऊन इस्पितळात नेलं. वाटेत तो रडत होता आणि आयाबाई त्याला सांगत होती, "हळू चालव, घाई नको, जीव काही जात नाही." इस्पितळात तरुण डॉक्टर पाय हलवायला गेला तशी ओरडली, "खुब्याचं हाड आहे ते, हलवू नकोस! आधी फोटो काढ." फोटो काढला. खुब्याचंच हाड होतं, आणि दोन जागी मोडलं होतं.

संध्याकाळी सुपरवायझरने हवाभाऊला खाली बोलावलं. पडद्यावर त्याला त्याचंच चित्र दाखवलं. तोंडात शिट्टी, एक हात वर. चित्राला आवाज नव्हता.

"शिट्टी मारली होतीस ना?"

"मारली होती."

"मग झालं. तुझीही सुटका, आमचीही. बाई शिट्टी असताना आडवी आली."

"साहेब, शिट्टी गाडीसाठी होती. मी गाडीला बोलावत होतो. आई मला दिसल्याच नव्हत्या."

सुपरवायझरने पडदा बंद केला. "कोणासाठी ते शिट्टीवर लिहिलेलं असतं का?" तो म्हणाला. "हे बघ, आता जे बोललास ते पोलिसांपुढे बोललास तर गाडीवाला सुटेल, काचघर सुटेल आणि तू अडकशील. माणूस न बघता गाडी बोलावली म्हणून. तुझी बायको कुठे कुठे पुरी पडणार?"

हवाभाऊ घरी आला. बायकोला सगळं सांगितलं. ती आईच्या साड्या पिशवीत भरत होती.

"तुमच्या मनात काय आहे?" तिने विचारलं.

"जे झालं ते सांगावं. त्या फलकाचं, उताराचं, सगळंच. आईंनी इतकी धडपड केली. निदान आता तरी नोंद होईल."

"आणि तुम्हाला धरून नेलं तर?"

तरी सकाळी इस्पितळात जाताना त्याने मन घट्ट केलं होतं. बोलायची वाक्यंसुद्धा मनात जुळवून ठेवली होती.

पोलीस त्यांच्या आधीच येऊन खाटेजवळ बसला होता. आयाबाईचा पाय वजन बांधून ताणून ठेवलेला, चेहरा पांढरा पडलेला, पण आवाज नेहमीसारखा ठणठणीत. हवाभाऊ दारात दिसला आणि तिने पोलिसाला सांगितलं, "घ्या लिहून. शिट्टी वाजली होती. मी ऐकली. ऐकून थांबले नाही. रोजच थांबत नाही, कुणालाही विचारा."

"आई!" हवाभाऊ म्हणाला.

"तुम्ही मध्ये बोलू नका, जावईबापू. मोडलंय ते हाड माझं आहे."

पोलिसाने हवाभाऊकडे पाहिलं. "शिट्टी मारली होती ना?"

जुळवलेली वाक्यं सगळी घशाशी आली. बायको भिंतीशी उभी होती, पिशवी छातीशी धरून. तिने मान हलवली नाही, खुणावलं नाही, नुसती बघत होती. हवाभाऊ म्हणाला, "मारली होती."

आणि ते काही खोटं नव्हतं.

पोलीस गेल्यावर तो खाटेच्या कडेला बसला. "आई, खरंच ऐकली होती का?"

आयाबाईने डोळे मिटून घेतले. "ऐकली असेल तर चूक माझी, नसेल तर तुमची. घरात चूक कुणाच्या नावावर असावी? जो कमवत नाही त्याच्या. जा आता, कामावर उशीर होईल."

त्याने नंतर पुन्हा विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही असं नाही. कुठलंही उत्तर आलं तरी ते पेलवणारं नव्हतं.

आयाबाईच्या त्या दोन वाक्यांनी त्याची नोकरी राहिली. पण तिने स्वतः उभं केलेलं सगळं त्याच वाक्यांनी आडवं केलं. वसाहतीतल्या बायका पुन्हा कचेरीत गेल्या, या वेळी तावातावाने, की आता तर अपघात झाला, आता तरी पट्टे मारा. अधिकाऱ्याने पोलिसांचा कागद पाहिला आणि सांगितलं की यात रस्त्याचा दोष नाही, पादचाऱ्याचा निष्काळजीपणा आहे, बाईंनी स्वतः तसं म्हटलंय. येताना कुणीतरी म्हणालं, "हट्टी होतीच म्हातारी." जिने हे म्हटलं ती वाईट नव्हती. पण पुढच्या वेळी कचेरीत जायला कुणी निघालं नाही.

झालं ते एवढंच, की काचघराने स्वतःहून सुरक्षेचा उपाय केला. उताराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा बसवला आणि समोरची दुभाजकातली फट बंद करून टाकली. पादचाऱ्यांनी पुलाचा वापर करावा, अशी पाटी लागली. पूल होता पुढच्या मोठ्या चौकात. बायका पिशव्या घेऊन तिथवर जायला लागल्या, आणि ज्यांचे गुडघे जिने चढायला नाही म्हणत त्या जायच्याच बंद झाल्या. तरणीताठी माणसं कठडा ओलांडून पळत सुटायची. हवाभाऊ त्यांच्यावर शिट्टी मारायचा.

आयाबाई घरी आली ती खाटेवरच. हाड नीट जुळलं नाही. बायकोने लाँड्रीतलं काम सोडलं. आई तिच्यावर चिडायची, "असं नाही गं, कुशीवर वळवताना आधी गुडघा दुमड. आयुष्यभर मी हेच केलं आणि माझ्याच पोरीला येऊ नये!" मग लगेच म्हणायची, "तिला कोण वळवत असेल?" तिला म्हणजे सोबतिणीला. हवाभाऊ सुट्टीच्या दिवशी पुलावरून जाऊन सोबतिणीची खबर आणायचा. सोबतीण भाचेसुनेला अजूनही हात लावू देत नव्हती. पाठीला जखमा झाल्या होत्या. हे तो घरी सांगायचा नाही. "बऱ्या आहेत" म्हणायचा.

थंडी पडायला लागली तेव्हा भाच्याने कळवलं की त्याची बदली झाली आहे, दूरच्या गावी, आणि आत्याला घेऊन तो रविवारी निघतोय.

"मला एकदा न्या," आयाबाई म्हणाली. तोवर तिने जावयाकडे कधीच काही मागितलं नव्हतं.

रविवारी हवाभाऊची सुट्टी होती. काचघरात ग्राहकांसाठी चाकांच्या खुर्च्या होत्या. सुपरवायझरने मागितल्याबरोबर एक दिली, "संध्याकाळपर्यंत आण हं" म्हणाला. माणूस म्हणून तो खरंच चांगला होता. हवाभाऊ आणि बायकोने आयाबाईला खुर्चीत बसवलं, पायावर शाल घातली. पुलाचे जिने खुर्चीने चढता येण्यासारखे नव्हते. म्हणून ते वसाहतीच्या तोंडाशीच, कठडा संपतो तिथे, रस्त्याच्या कडेला येऊन थांबले. दुभाजक तिथे थोडा बुटका होता. दोघांनी मिळून खुर्ची वरून उचलून नेता आली असती, जर मधला रस्ता ओलांडता आला असता तर.

रविवार, काचघरात गर्दी. गाड्यांना खंड म्हणून नव्हता. हवाभाऊ दोन पावलं रस्त्यात उतरला आणि दोन्ही हात पसरले. रोज त्याच्या एका हाताच्या इशाऱ्यावर गाड्या थांबायच्या आणि चालायच्या. आज अंगात जॅकेट नव्हतं. पहिली गाडी हॉर्न वाजवत त्याला घासून गेली, दुसऱ्या गाडीतला खिडकीतून ओरडला, "मरायचंय का?" तो मागे सरला, परत उतरला, परत मागे सरला.

"अहो, या इकडे," बायको रडवेली होऊन म्हणाली. "तुम्हाला काही झालं तर मी दोघांना कशी पुरी पडू?"

तेवढ्यात पलीकडे दवाखान्याच्या गल्लीतून भाच्याची गाडी बाहेर आली आणि कडेला थांबली. मागच्या खिडकीत सोबतीण दिसली, उशीला टेकवलेली. भाच्याने बहुतेक मुद्दामच गाडी थांबवली होती. आयाबाईने हात वर केला. पलीकडून सोबतिणीनेही चांगला हात वर केला. तिचं तोंड हलताना दिसलं. ती काहीतरी सांगत होती, एकदा, मग पुन्हा. मध्ये एक बस आली, मग एक ट्रक. ट्रक गेल्यावर बघितलं तर गाडी चालू लागली होती.

"काय म्हणाली हो ती?" आयाबाईने विचारलं.

हवाभाऊच्या तोंडाशी एक गोड खोटं आलं होतं. ते त्याने गिळलं. "ऐकू आलं नाही, आई."

"तुम्हालाही नाही?"

"नाही. गाड्यांचा आवाज फार."

आयाबाईने पायावरची शाल सारखी केली. "बरं," म्हणाली. "मला वाटलं, मलाच येत नाही."

त्यांनी खुर्ची वळवली. खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं, हवाभाऊने ती परत करायच्या आधी त्यात तेलाचे दोन थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. बायकोने आईला कुशीवर वळवलं, आधी गुडघा दुमडून. आयाबाईने या वेळी तिला काही सांगितलं नाही, आणि त्यानंतर कधीच काही सांगितलं नाही.